सडकं राज्य, पोखरलेलं मन: शोकनायकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोकात्मिका वाचणारे, शिकणारे आणि बसवणारे लोक जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांमध्ये शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' सतत डोकावेल, त्याला इलाज नाही. गोष्ट थोडक्यात अशी: डेन्मार्कच्या राजाचा खून करून त्याचा भाऊ क्लॉडियस राजा झालाय, राणीशी लग्नही केलंय, आणि मेलेल्या राजाचं भूत आपल्या मुलाला, राजपुत्र हॅम्लेटला, सूड घ्यायला सांगतं. बिघडलेलं राज्य माणसाच्या मनात कसं शिरतं, हे इतक्या बारकाईने दाखवणारी नाटकं थोडी आहेत.

शोकनायक म्हणजे ज्याच्या वाट्याला दुःख आलं तो, एवढंच ना?

नाही. दुःख नाटकातल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतं. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त घातलेली अट साधारण अशी आहे: हा माणूस अगदी धुतल्या तांदळासारखा नको आणि पुरता नीचही नको. त्याचा घात दुष्टपणामुळे न होता एखाद्या प्रमादामुळे व्हावा. मूळ ग्रीक शब्द 'हमार्तिया'. त्याला कुणी 'स्वभावदोष' म्हणतं, पण मला 'प्रमाद' जास्त बरा वाटतो. मूळ शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे आणि नेम चांगल्या धनुर्धराचाही चुकतो.

या व्याख्येत समाज जवळजवळ नाहीच. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ईडिपस राजाच्या थीब्ज नगरीत रोगराई पसरलेली असते खरी, पण तिचं मूळ शोधता शोधता ते खुद्द राजापाशी येऊन थांबतं. तिथे नायकामुळे नगरी विटाळते. नगरीमुळे नायक विटाळतो, ही दुसरी बाजू. पुढचे बहुतेक प्रश्न त्या बाजूचे आहेत.

'भ्रष्ट समाज' म्हणजे लाचलुचपत का? 'हॅम्लेट'मध्ये तर कुणी पैसे खाताना दिसत नाही.

दिसत नाही, हे खरं. तिथली कीड वेगळी आहे. तिथे कुणाचा कुणावर विश्वास उरलेला नाही.

नाटकाचं पहिलंच वाक्य बघा. मध्यरात्र, किल्ल्याचा तट, कडाक्याची थंडी. फ्रान्सिस्को पहाऱ्यावर आहे आणि त्याला सोडवायला बर्नार्डो येतो. 'कोण आहे?' असं पहारेकऱ्याने विचारायचं, येणाऱ्याने उत्तर द्यायचं, ही जगभरची रीत. इथे विचारतो तो येणारा! फ्रान्सिस्कोला त्याला सांगावं लागतं की बाबा रे, उत्तर तू द्यायचंस. भूत अजून रंगमंचावर आलेलं नाही, राजाच्या खुनाचा कुणाला पत्ता नाही, तरी राज्याचा तोल गेल्याचं दोन ओळींत कळतं. 'डेन्मार्कच्या राज्यात काहीतरी सडलंय' हे सुप्रसिद्ध वाक्यही मार्सेलस नावाच्या साध्या शिपायाच्या तोंडी आहे. वास आधी पहाऱ्यावरच्यांना येतो, दरबाऱ्यांना नाही.

पुढे दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पोलोनियस, राजाचा म्हातारा सल्लागार, आपल्या नोकराला, रेनाल्डोला, पॅरिसला धाडतो. काम काय, तर पोटच्या पोरावर, लेअर्टीसवर, पाळत. त्याच्या ओळखीच्यांमध्ये मिसळ, तो जुगारी आहे, भांडखोर आहे अशा बारीकसारीक कंड्या पिकव आणि समोरचा मान डोलावतो का बघ. हे समजावता समजावता म्हातारा मध्येच विसरतो की आपण काय सांगत होतो. प्रयोगाची लांबी कमी करायची म्हटली की हा प्रसंग हमखास कापला जातो. माझ्या मते ही मोठी चूक आहे. हेरगिरी ही त्या घरात रोजच्या जेवणासारखी झालीय, हे दुसरीकडे कुठेही इतकं सहज कळत नाही.

पण राजवाडा सडला म्हणून नायकाच्या मनात भांडण का लागावं? त्याने सरळ अन्यायाविरुद्ध उभं राहावं.

उभं कुणापुढे राहायचं? बापाचा खून झाला, तर दाद राजाकडे मागायची. इथे खुनीच राजा आहे. कुंपणच शेत खातंय. तक्रार ऐकणारी जागाच नाहीशी झाली की ती तक्रार माणसाच्या आत जाते आणि तिथेच तिचा खटला सुरू होतो. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीश तोच, आणि शेवटी फाशी देणाराही तोच. या चार भूमिका एका माणसाच्या अंगात मावत नाहीत. एका कामाला लागणारा गुण दुसऱ्या कामाला मारक असतो. न्यायाधीशाला शंका हवी, जल्लादाला ती असून भागत नाही.

त्यात बापाच्या भुताने घातलेली अट लोक विसरतात. 'सूड घे' एवढंच सांगून ते थांबत नाही. 'हे काम कसंही कर, पण तुझं मन विटाळू देऊ नकोस' असंही ते बजावतं. खून करायचा आणि मन स्वच्छ ठेवायचं! हॅम्लेटचा सगळा अंतर्गत संघर्ष या एका आज्ञेच्या पोटात आहे.

हॅम्लेटची चालढकल हा स्वभावदोष की परिस्थिती?

शाळा-कॉलेजात 'अतिविचार' हे उत्तर पाठ करून घेतात. ते चूक नाही, अर्धं आहे. त्याच्या हातात पुरावा काय? एका भुताचं बोलणं. आणि भूत म्हणजे बापाचं रूप घेतलेला सैतानही असू शकतो, ही शंका तो स्वतः बोलून दाखवतो. म्हणून तो नाटकमंडळीकडून खुनाचा प्रसंग करवून घेतो आणि काकाच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. जिथे प्रत्येक चेहरा मुखवटा आहे, तिथे खरं काय ते शोधायला मुखवट्यांचाच खेळ मांडावा लागला. त्या दरबारात उघडपणे खरं बोलायचं सोंग फक्त नटांनी घ्यावं, हा शेक्सपिअरचा खास टोमणा म्हणायचा.

प्रार्थनेला बसलेल्या क्लॉडियसला तो सोडून देतो, त्या जागी मात्र परिस्थितीचं निमित्त चालत नाही. पुरावा मिळालेला आहे, तलवार हातात आहे, राजा एकटा आहे. तो मारत नाही. प्रार्थना करताना मेला तर हा स्वर्गात जाईल, त्यापेक्षा पापात रंगलेला असताना गाठू, असा हिशेब तो मांडतो. हा हिशेब दयेतून आलेला नाही. बापाने सांगितलेलं 'मन विटाळू देऊ नकोस' इथेच मोडलेलं आहे.

'जगावं की मरावं' हे स्वगत तर निव्वळ वैयक्तिक निराशेचं आहे. त्यात समाज कुठे आला?

त्या स्वगतातली यादी सावकाश वाचा. जगणं नकोसं करणाऱ्या गोष्टी म्हणून तो काय काय मोजतो? जुलूम करणाऱ्याचा अन्याय. गर्विष्ठाने केलेली हेटाळणी. नाकारलेल्या प्रेमाची कळ. न्यायाला लागणारा विलंब. अधिकारपदाचा उर्मटपणा. लायक माणसाने नालायकाच्या लाथा मुकाट्याने खाणं.

आता त्यात काय नाही ते बघा. बापाचा खून नाही, आईचं घाईघाईचं लग्न नाही, हातचं गेलेलं सिंहासनही नाही. राजपुत्राला न्यायाच्या विलंबाचा काय अनुभव? कुठल्या कारकुनाने त्याला ताटकळत ठेवलं असेल? ही यादी प्रजेची आहे. ज्या क्षणी तो सर्वांत एकटा, सर्वांत आत वळलेला आहे, त्या क्षणी त्याच्या तोंडून नगरातल्या कुठल्याही पिचलेल्या माणसाचं गाऱ्हाणं बाहेर पडतं. 'वैयक्तिक' आणि 'सामाजिक' असे दोन रकाने आखून उत्तर लिहिणाऱ्यांची इथे पंचाईत होते. होऊ द्यावी.

हॅम्लेट सडलेल्या व्यवस्थेविरुद्ध लढतो, मग त्याच्या हातून इतके जीव का जातात?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, असं माझं मत आहे. आपण म्हणतो, काट्याने काटा काढावा. खरं आहे, पण त्यासाठी काटा चिमटीत धरावा लागतो.

क्लॉडियस हॅम्लेटला इंग्लंडला धाडतो, त्या जहाजावरचा प्रसंग घ्या. आपल्याला तो रंगमंचावर दिसत नाही, हॅम्लेट नंतर आपल्या मित्राला, होरेशिओला, सांगतो. रात्री झोप लागेना म्हणून तो अंधारात चाचपडत रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न या बालमित्रांच्या खोलीत शिरतो, त्यांच्याकडचा खलिता काढून घेतो आणि मोहोर फोडतो. आत त्याचंच डोकं उडवण्याचा हुकूम. मग तो बसून दुसरा हुकूम लिहितो. कसा? सुवाच्य, घोटीव, दफ्तरी अक्षरात. एके काळी मोठ्या मुत्सद्द्यांसारखं मलाही वळणदार अक्षर म्हणजे कमीपणा वाटायचा, ते विसरण्यासाठी मी धडपडलो, पण त्या दिवशी तेच अक्षर कामी आलं, असं तो सांगतो. मजकुरात दोन राज्यांतली मैत्री, शांततेचं वैभव अशी सगळी सरकारी फुलं आहेत, आणि खाली कलम: हे पत्र आणणाऱ्यांना तात्काळ ठार करावं, पापाची कबुली द्यायलाही वेळ देऊ नये. वडिलांची मुद्रा बटव्यात होतीच. शिक्कामोर्तब झालं, खलिता जागच्या जागी गेला.

क्लॉडियसच्या कारभाराची सगळी हत्यारं या एका कामात आली: चोरून वाचणं, खोटा दस्तऐवज, गोड भाषेतला खून, आणि मरणाऱ्याच्या आत्म्याचाही विचार न करणं. होरेशिओ हे ऐकून एवढंच म्हणतो की म्हणजे ते दोघे गेले म्हणायचे. त्यावर हॅम्लेटचं उत्तर आहे की ते माझ्या सदसद्विवेकाला टोचत नाहीत, त्यांना ते काम हवंच होतं. पहिल्या अंकात ज्या मुलाला आईच्या लग्नाची घाईसुद्धा सहन होत नव्हती, त्याचा हा आवाज आहे. त्या दोघांना आपण काय वाहून नेतोय हे ठाऊक होतं का, हे नाटक कुठे स्पष्ट सांगत नाही. हॅम्लेटही विचारत नाही.

सडलेला समाज चांगल्या माणसाला फक्त छळत नाही. त्याला लढण्यासाठी आपलीच हत्यारं पुरवतो. बाहेरच्या किडीचं आतल्या संघर्षात रूपांतर होतं ते इथे.

खलनायकाच्या मनात संघर्ष नसतो का? क्लॉडियस तर बिनधास्त दिसतो.

दरबारात दिसतो. एकांतात गुडघे टेकतो तेव्हा वेगळाच माणूस समोर येतो. ज्यासाठी खून केला ते मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि राणी, तिन्ही अजून माझ्याकडेच आहेत, मग लूट हातात ठेवून क्षमा मागता येते का, असं तो स्वतःला विचारतो. या जगात सोन्याने मढवलेला गुन्हेगार हात न्यायाला बाजूला सारू शकतो, पापाच्या कमाईनेच कायदा विकत घेता येतो, पण वर ही चलाखी चालत नाही, हेही तोच म्हणतो. मघाशी लाचेचा प्रश्न होता ना? तिचं अख्ख्या नाटकातलं सर्वांत नेमकं वर्णन असं लाभार्थ्याच्याच तोंडी आहे. त्याला सगळं कळतं. सोडवत काहीच नाही.

ओफिलियाचं काय? ती यात कुठे बसते?

ओफिलिया ही पोलोनियसची मुलगी, हॅम्लेटचं जिच्यावर प्रेम होतं ती. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ना, त्यातलं वांगं ती. बाप आणि राजा तिच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक देऊन तिला आमिष म्हणून उभी करतात आणि पडद्यामागून ऐकतात. हॅम्लेटला आईचा आणि एकूण दरबाराचा आलेला राग तो तिच्यावर काढतो. त्याने वेडाचं सोंग घेतलं, हिला खरं वेड लागलं. सोंग घ्यायलाही थोडी मोकळी जागा लागते, तेवढीही तिला नव्हती.

मराठी रंगभूमीवर असा, समाजाने घडवलेला नायक कोणता?

चटकन आठवतो तो तेंडुलकरांचा घाशीराम. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. कनोजहून पोट भरायला आलेल्या घाशीरामावर पुण्यात चोरीचा खोटा आळ येतो, मारहाण होते, अपमान होतो. तो सूडाची शपथ घेतो आणि पोटची मुलगी, गौरी, नाना फडणविसांना देऊन कोतवाली मिळवतो. मग त्याच शहरावर तोच छळ उलटवतो.

त्यात समाज कसा उभा केलाय ते पाहण्यासारखं आहे. ब्राह्मणांची एक रांग गात, डुलत उभी राहते, आणि तीच रांग नाटकाचा पडदा होते. माणसांची भिंत. पाठ फिरवली की मागे काय चाललंय ते झाकलं जातं. तोंड वळवलं की तेच लोक भाविक, तेच बघे, शेवटी तोच जमाव. भ्रष्ट समाज म्हणजे काय, यावर पानंच्या पानं लिहिण्यापेक्षा ती फिरणारी पाठ जास्त सांगते. हॅम्लेटच्या दरबारात पडद्यामागे माणूस लपतो. इथे माणसंच पडदा झालीत.

पण घाशीराम शोकनायक म्हणता येईल का?

यावर वाद होतो आणि व्हावा. मी त्याला अर्धा शोकनायक म्हणेन. मुलगी देताना तो आतून फाटलेला असतो, आणि तिच्या मृत्यूनंतर तर त्याला आतलं असं काही उरतच नाही. मधल्या काळात मात्र सत्तेच्या कैफात तो शंकेला जागाच देत नाही. हॅम्लेटला हत्यार उचलताना हात जड होतो, घाशीराम ते दोन्ही हातांनी उचलतो. ज्याने त्याला घडवलं, तो नाना शेवटी त्याच्या मृत्यूचा हुकूम देतो आणि सुटतो. शोकात्मिकेत राजा पडतो, इथे प्यादं पडतं. माझी अडचण नेमकी तिथे आहे.

आणि कर्ण?

कर्णाचा प्रश्न सोपा वाटतो आणि मग अडकवतो. राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या भर रिंगणात कौशल्य दाखवायला उतरल्यावर त्याला कुळ विचारलं जातं. त्या घडीला हात देतो तो दुर्योधन, अंगदेशाचं राज्य देऊन. अन्यायाच्या क्षणी मदत अन्यायी माणसाकडून आली, आणि जन्मभराचं ऋण झालं. युद्धाच्या तोंडावर कृष्ण त्याला जन्माचं सत्य सांगतो, तेव्हा कळूनही तो बाजू बदलत नाही. इथपर्यंत आपण त्याच्या बाजूने असतो. पण द्यूतसभेत द्रौपदीला हलक्या शब्दांत हिणवणाऱ्यांत तो होता, हे विसरता येत नाही. भर सभेत पायरी दाखवली जाण्याचं दुःख ज्याला पुरेपूर ठाऊक, त्यानेच भर सभेत दुसऱ्याला पायरी दाखवली. जहाजावरचं ते बनावट पत्र आणि हा प्रसंग मला नेहमी एकत्रच आठवतात.

मग सगळा दोष समाजाचाच?

असं म्हटलं की नायकच नाहीसा होतो, उरतो तो बळी. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर बघा. हुशार वकील, मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते, आणि तळीराम दुःख विसरायला प्याला पुढे करतो. अपमान बाहेरून आला, प्याला पुढे करणारा हात बाहेरचा. पण ज्या मानी स्वभावाला तो अपमान पचला नाही, तो सुधाकराचा स्वतःचा. तसाच अपमान गिळून दुसऱ्या दिवशी कामाला लागणारे वकील कमी नसतील. त्यांच्यावर नाटक होत नाही, एवढंच.

नायक ठाम असेल, त्याच्या मनात संघर्षच नसेल तर?

तर बहुधा शोकात्मिका होत नाही. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 'जनतेचा शत्रू'मधला (१८८२ चं नाटक) डॉक्टर स्टॉकमन शहरातल्या सार्वजनिक आरोग्य-स्नानगृहांचं पाणी दूषित असल्याचं सिद्ध करतो. महापौर त्याचा सख्खा भाऊ, वर्तमानपत्रवाले फिरतात, सभा भरवून त्याला जनतेचा शत्रू ठरवलं जातं. घाण ज्या चर्मालयांतून येते त्यांतलं एक सासऱ्याचं. तो सासरा मुलीच्या नावाने ठेवायच्या पैशांतून स्नानगृहांचेच शेअर विकत घेतो: आता खरं बोल, बायकापोरांचं नुकसान कर! या एका ठिकाणी डॉक्टर क्षणभर डळमळतो. नाटक शोकात्मिकेच्या सर्वांत जवळ येतं ते तिथेच. पण तो सावरतो आणि ताठ उभा राहतो. बरं वाटतं बघून, जीव मात्र कासावीस होत नाही.

आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराला 'विकारविलसित' नाव दिलं. म्हणजे त्यांना संघर्ष फक्त मनाचाच वाटला का?

नावावरून तसं वाटतं खरं: विकारांचा खेळ. पण भाषांतराची हकिगत वेगळंच काही सुचवते. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर टीका करताना ज्या पत्रांवर भिस्त ठेवली, ती बनावट ठरली होती. त्या तुरुंगवासात आगरकरांनी हे भाषांतर हाती घेतलं, १८८३ मध्ये ते छापून आलं. डेन्मार्क म्हणजे तुरुंग आहे असं म्हणणारा, बनावट पत्रांच्या जगात सत्य शोधणारा राजपुत्र त्यांनी कोठडीत बसून मराठीत आणला! शीर्षकात विकार मनाचे असतील, पण भिंती दगडाच्या होत्या.

या विषयावर लिहिताना कुठे घसरायला होतं?

समाजाचं वर्णन पहिल्या परिच्छेदात उरकून पुढे नायकाच्या मनाकडे वळलात, तर विषय निसटला. दोन्ही एकाच प्रसंगात दाखवा. एक पत्र, एक पहारा, एक पाठ फिरवलेली रांग पुरते. आणि 'समाजाने त्याला असं बनवलं' हे वाक्य लिहिलंत, तर कोणी, कधी आणि काय करून, हे पुढच्याच ओळीत यायला हवं.

शेवटी राज्य सुधारतं का? नायकाच्या मरणाने काही साधतं का?

क्लॉडियस मरतो. सिंहासन मिळतं नॉर्वेच्या फोर्टिनब्रासला, मरता मरता हॅम्लेटनेच त्याच्या बाजूने कौल दिलेला असतो. हा तोच फोर्टिनब्रास, जो चौथ्या अंकात जमिनीच्या एका तुकड्यासाठी हजारो माणसं झुंजवायला निघाला होता. मेलेल्यांना पुरायलाही अपुरा पडेल एवढासा तो तुकडा, हे हॅम्लेटने स्वतः बोलून दाखवलं होतं.

खरं काय घडलं ते जगाला सांग, असं हॅम्लेटने होरेशिओला विनवलं आहे. पण ती हकिगत सुरू व्हायच्या आधीच नव्या सत्तेचा हुकूम सुटतो: चार कप्तानांनी हॅम्लेटला सैनिकासारखं उचलून न्यावं, लष्करी वाद्यं वाजावीत. विटेनबर्गला शिकणारा, नाटकांत रमणारा मुलगा सैनिक म्हणून नेला जातो. बाहेर तोफा सुटतात.